जर्मनीत मास्टर्सला जाताना आरोग्यविमा: पब्लिक घ्यावा की एजंट सांगतो तो प्रायव्हेट?

मंजिरी_नाशिक

माझ्या लेकीला पश्चिम जर्मनीतल्या एका फाखहोखशूलमध्ये (उपयोजित विज्ञानांचं विद्यापीठ) मेकॅनिकलच्या मास्टर्सला विंटर सेमिस्टरसाठी प्रवेश मिळाला आहे. ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे राहण्याखाण्यासाठी आधीच भरून ठेवायच्या खात्याचे, ११,९०४ युरो भरून झाले, व्हिसाची तारीख मिळाली, आता घोडं अडलंय विम्यावर.

आमचं काम बघणारा कन्सल्टंट म्हणतो की महिना ३५ युरोंचा प्रायव्हेट प्लॅन घ्या, दोन वर्षांचा एकदमच काढून टाका, व्हिसालाही चालतो आणि अ‍ॅडमिशनलाही. तिच्याबरोबर जाणाऱ्या मुलीने मात्र पब्लिक घेतलाय, तिला महिना १४५ च्या आसपास पडणार आहेत. महिन्याला ११० युरोंचा फरक म्हणजे थोडाथोडका नाही. शैक्षणिक कर्ज काढलंय, त्यामुळे प्रत्येक रुपया मोजावा लागतो.

लेक २३ पूर्ण आहे. तिला लहानपणापासून दमा आहे, रोज इनहेलर लागतो. प्लॅनच्या कागदात बारीक अक्षरांत लिहिलंय की आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च मिळणार नाही. कन्सल्टंटला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ते सगळ्याच कंपन्या लिहितात." मला ते पटलेलं नाही. तिथे राहिलेल्यांनी कृपया नीट सांगा.

राइनकाठी

मंजिरीताई, सही करायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. मी तिथेच मास्टर्स केलं, आता नोकरी करतो, आणि दर सप्टेंबरमध्ये नव्याने आलेल्या मुलांच्या विम्याच्या कागदांत मदत करतो. सविस्तर लिहितो.

जर्मनीत विम्याशिवाय विद्यापीठात नावनोंदणीच होत नाही. पण विद्यापीठ तुमच्या पॉलिसीचा कागद बघत नाही. त्यांना पब्लिक विमासंस्थेकडून, म्हणजे क्रांकनकासेकडून, एक इलेक्ट्रॉनिक निरोप जावा लागतो. त्याला 'एम-१०' म्हणतात. २०२२ पासून हे सगळं ऑनलाइनच आहे. प्रायव्हेट घेतलेल्यालाही हा निरोप पब्लिक कासेकडूनच पाठवून घ्यावा लागतो, 'हा विद्यार्थी आमच्याकडे विमाधारक नाही, त्याला सूट दिली आहे' अशा अर्थाचा.

आता खरी मेख ऐका. तिशीच्या आतल्या नोंदणीकृत विद्यार्थ्याला कायद्याने पब्लिक विमा लागूच होतो. प्रायव्हेटमध्ये जायचं तर त्यातून सूट मागणारा अर्ज द्यावा लागतो, त्याला 'बेफ्राइउंग' म्हणतात. तो नोंदणीपासून तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि एकदा दिला की शिक्षण चालू असेपर्यंत मागे घेता येत नाही. दुसऱ्या सेमिस्टरला दमा बळावला, अपघात झाला, कंपनीने क्लेम नाकारला, काहीही झालं तरी विद्यार्थी म्हणून पब्लिकचं दार बंद. कन्सल्टंट जे 'एकदमच काढून टाका' म्हणतोय, त्यात हा अर्ज गुपचूप येतो. मुलं व्हिसाच्या ढिगाऱ्यात सही करून मोकळी होतात.

पब्लिकमध्ये जुना आजार विचारून कोणी दर वाढवत नाही की खर्च वगळत नाही. वेटिंग पीरियड नाही. दम्यासाठी तर कासेंचे खास नियमित तपासणीचे कार्यक्रमही असतात. तुमच्या लेकीच्या बाबतीत माझ्या मते दुसरा पर्यायच नाही.

शेखर_सांगली

राइनकाठी, तुमच्या भावना समजल्या, पण हिशेबही बघा. १४५ गुणिले २४ म्हणजे ३,४८० युरो. युरो १०० रुपयांनी धरला तरी साडेतीन लाखांच्या घरात. प्रायव्हेटचे ८४० युरो. विशीतलं पोर दोन वर्षांत आजारी पडून पडून किती पडणार? माझा भाचा दोन वर्षं प्रायव्हेटवर राहिला, काही झालं नाही, अडीच लाखांहून जास्त वाचले. दमा असणाऱ्यांचं सोडा, पण सरसकट सगळ्यांना पब्लिक घ्या सांगणं बरोबर नाही.

राइनकाठी

शेखरजी, तुमच्या भाच्याला काही झालं नाही ही आनंदाची गोष्ट आहे. पण मी ज्या विद्यार्थी वसतिगृहात राहायचो तिथे समोरच्या खोलीतल्या मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याच्याकडे असाच स्वस्त प्लॅन होता. बिल त्याच्या नावावर आलं, ते त्याने कंपनीला पाठवलं, कंपनीने भारतातल्या जुन्या तपासण्यांचे कागद मागवले. 'पोटाचा त्रास आधीपासून होता का' यावर पत्रव्यवहार चालू राहिला आणि इस्पितळाची स्मरणपत्रं येत राहिली. थोडे पैसे शेवटी मिळाले. पण तेवढ्यात त्याच्या दोन परीक्षा हुकल्या आणि सेमिस्टर गेली. कर्जावर शिकणाऱ्या मुलाची एक सेमिस्टर लांबली तर राहण्याखाण्याचाच खर्च तुम्ही वाचवलेल्या रकमेपेक्षा जास्त होतो.

हिशेब अजून एका बाजूनेही करा. पदवी मिळाल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. शिकताना पब्लिकमध्ये असलेला विद्यार्थी त्या काळात ऐच्छिक सभासद म्हणून पब्लिकमध्येच राहू शकतो. महाग आहे, महिना दोनशे युरोंच्या वर जातं, पण राहू शकतो. प्रायव्हेटवाल्याला तो मार्ग नाही, तो नोकरी लागेपर्यंत प्रायव्हेटवरच. आणि परवान्याच्या नूतनीकरणाला परदेशी नागरिक कार्यालयातला अधिकारी स्वस्त पॉलिसी मान्य करेलच असं नाही.

निळाई

हा १४५ चा आकडा येतो कुठून? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी ११०, कोणी १२५, कोणी १४० सांगतंय.

राइनकाठी

जुने आकडे फिरताहेत. दर असा ठरतो: सरकारी शिष्यवृत्तीची जी मासिक पायाभूत रक्कम आहे ती धरतात, २०२४ च्या विंटर सेमिस्टरपासून ती ८५५ युरो आहे. तिच्यावर १०.२२ टक्के आरोग्याचे, म्हणजे ८७.३८ युरो. त्यावर प्रत्येक कासेचा स्वतःचा जादा टक्का, तो दरवर्षी बदलतो. शिवाय दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा: ३.६ टक्के, आणि २३ पूर्ण झालेल्या, मूलबाळ नसलेल्यांना ४.२ टक्के, म्हणजे ३५.९१ युरो. सगळं मिळून बहुतेक कासेंचं १४० ते १५५ च्या आसपास जातं. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिना ९९२ युरो सुटतात, त्यातूनच हे जाणार हे धरून बजेट करा.

टीके, एओके, बार्मर, डाक या सगळ्या मोठ्या कासे आहेत. उपचारांची यादी बहुतांशी कायद्यानेच ठरलेली असल्याने त्यांत फार फरक नसतो. जादा टक्का किती आणि इंग्रजीतून नीट उत्तरं देतात का, एवढं बघून निवडा.

शतावरी

मी डॉक्टर आहे, मुलगा म्युनिकला होता. मंजिरीताई, दम्याबद्दल चार गोष्टी सांगते.

जाण्याआधी छातीच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पत्र घ्या. त्यात औषधाचं ब्रँडनाव नको, मूळ औषधाचं नाव आणि मात्रा हवी, कारण आपल्याकडचं ब्रँडनाव तिथल्या डॉक्टरला कळणार नाही. शेवटचा स्पायरोमेट्रीचा (फुफ्फुसांच्या क्षमतेच्या तपासणीचा) रिपोर्ट जोडा. दोन-तीन महिन्यांचे इनहेलर मूळ खोक्यात, प्रिस्क्रिप्शनसह, आणि त्यातला एक हातातल्या बॅगेत. तिथे पोचल्यावर हिवाळा सुरू व्हायच्या आत फॅमिली डॉक्टर गाठायचा, त्यांच्या भाषेत हाउसआर्त्स्ट. नवीन पेशंट घेणारा डॉक्टर मिळायला वेळ लागतो, म्हणून थंडीत धाप लागल्यावर शोधायला निघू नका.

दात आणि डोळे इथेच करून पाठवा. पब्लिक विम्यात दातांची तपासणी आणि साधं फिलिंग मिळतं, पण कॅप बसवायची वेळ आली तर ठरावीक वाटा मिळतो, उरलेलं खिशातून. मोठ्या माणसांच्या चष्म्याला, फार जास्त नंबर नसेल तर, काही मिळत नाही. मुलाला मी दोन चष्मे देऊन पाठवलं होतं.

खडकवासला

अक्कलदाढ! काढायची असेल तर इथेच काढून जा. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

मंजिरी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. शतावरीताई, पत्राचं माझ्या डोक्यातच नव्हतं, उद्याच डॉक्टरांना फोन करते.

राइनकाठी, एक गोंधळ आहे. पब्लिकवाले म्हणताहेत की सभासदत्व सेमिस्टर सुरू झाल्यावर चालू होणार. पण व्हिसाला तर ती उतरते त्या दिवसापासूनचा विमा हवा. मग प्रायव्हेट घ्यावाच लागणार ना? आणि तो घेतला की तुम्ही म्हणता तो सूट मागण्याचा अर्ज आपोआप होतो का?

राइनकाठी

नेमका इथेच लोकांचा घोळ होतो आणि कन्सल्टंटलोकांचं फावतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

व्हिसासाठी लागतो तो थोड्या दिवसांचा प्रवासी विमा. उतरण्याच्या तारखेपासून पब्लिक चालू होईपर्यंतचा, वर थोडे दिवस जास्तीचे धरून. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण असलेला. तो घेतल्याने पब्लिकचा हक्क जात नाही, कारण हक्क फक्त सूट मागण्याच्या अर्जाने जातो. तेव्हा प्रवासी विमा बिनधास्त घ्या, सूट मागण्याच्या अर्जावर सही करू नका.

तारखेचं म्हणाल तर विद्यापीठांची विंटर सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होते, पण फाखहोखशूलची बहुतेक ठिकाणी १ सप्टेंबरला. लेकीच्या प्रवेशपत्रावर तारीख बघा. नोंदणी उशिरा झाली तर विमाही नोंदणीच्या दिवसापासून.

क्रम असा ठेवा. कासेच्या संकेतस्थळावर आत्ताच नाशिकहून अर्ज करता येतो, पासपोर्ट आणि प्रवेशपत्र जोडून. विद्यापीठाचं नाव अचूक भरा, म्हणजे एम-१० थेट तिकडे जाईल. तिथे पोचल्यावर पत्ता, बँक खातं आणि नोंदणीचा दाखला कळवायचा, मग महिन्याचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. फोटो पाठवला की चिपचं कार्ड पोस्टाने घरी येतं. दारावरच्या पोस्टपेटीवर तिचं आडनाव चिकटवलेलं असलं पाहिजे, नाहीतर कार्ड परत जातं. शेअर फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलांची कार्डं हमखास याच कारणाने परत जातात.

आणि हप्ता थकवू नका. थकला तर कासे विद्यापीठाला कळवते आणि पुढच्या सेमिस्टरची नोंदणी अडकते.

शेखर_सांगली

हा प्रवासी विमा आणि सूट यातला फरक मला माहीत नव्हता. भाच्याला विचारलं, त्यालाही आठवत नाही आपण कशावर सही केली ते. तरी एक प्रश्न राहतोच. तिशीच्या वरच्यांचं काय? माझा चुलतभाऊ ३२ चा आहे, नोकरी सोडून मास्टर्सला निघालाय.

राइनकाठी

त्यांच्यासाठी चित्र वेगळं आहे. विद्यार्थी दर तिसावं वर्ष पूर्ण होतं त्या सेमिस्टरच्या अखेरीपर्यंतच. भारतातून थेट येणाऱ्या ३२ वर्षांच्या विद्यार्थ्याला पब्लिकमध्ये शिरणं अवघड असतं, त्याला प्रायव्हेटच बघावा लागेल. पण मग ३५ युरोवाला नको. जास्त हप्ता गेला तरी जुने आजार जाहीर करून, ते मान्य करून घेणारा, जर्मन नियमांत बसणारा पूर्ण प्लॅन घ्या. एम-१० त्यालाही लागेलच.

वेरूळची_लेणी

पीएचडीवाल्यांसाठी भर घालते. डॉक्टरेट करणाऱ्यांना विद्यार्थी दर मिळत नाही, नोंदणी विद्यापीठात असली तरीही. विद्यापीठाचं कामाचं कंत्राट असेल तर पगारदार कर्मचारी म्हणून पब्लिक विमा लागतो आणि निम्मा वाटा मालक भरतो. शिष्यवृत्तीवर असाल तर ऐच्छिक किंवा प्रायव्हेट. डाड (जर्मनीची विद्यार्थी-देवाणघेवाण संस्था) देतं त्या शिष्यवृत्तीत विमा त्यांच्याकडूनच काढला जातो. तसंच आधी श्टुडिएनकोलेग (विद्यापीठाआधीचा तयारीचा अभ्यासक्रम) किंवा नुसता भाषेचा कोर्स करणाऱ्यांनाही विद्यार्थी दर लागू नाही, त्या काळापुरता प्रायव्हेटच.

सह्यकडा

माझी बायको सहा महिन्यांनी येणार आहे. तिचा वेगळा विमा काढावा लागेल?

वेरूळची_लेणी

तुम्ही पब्लिकमध्ये असाल आणि वहिनींचं स्वतःचं उत्पन्न नसेल किंवा अगदी थोडं असेल तर कुटुंब विम्यात त्या तुमच्याबरोबर येतात, जादा हप्ता लागत नाही. लग्नाचा दाखला भाषांतर करून आणा. बाळंतपण झालं तर तेही त्यातच. प्रायव्हेटमध्ये त्यांच्यासाठी वेगळा हप्ता आणि बाळंतपणाला बहुधा थांबावं लागेल.

टेम्सकाठ

धागा जर्मनीचा आहे, पण अनेक मुलं इंग्लंडलाही अर्ज करून ठेवतात म्हणून लिहितो. इथे निवड करायची वेळच येत नाही. व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, फेब्रुवारी २०२४ पासून. सहा महिन्यांपर्यंतच्या उरलेल्या काळाला त्याच्या निम्मे. एका वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा वर्षापेक्षा काही महिने जास्तीचा मिळतो, त्यामुळे बहुतेकांना १,१६४ पौंड एकरकमी भरावे लागतात. कर्ज मंजूर करून घेताना हे बँकेला सांगा, फीच्या पत्रकात ते नसतं.

पैसे भरले म्हणून डॉक्टर आपोआप मिळत नाही. पत्ता मिळाला की जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं. इंग्लंडमध्ये प्रत्येक प्रिस्क्रिप्शनच्या औषधाला ९.९० पौंड पडतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ते फुकट. दातांचे वेगळे.

पैलपार

आणि अमेरिकेत? तिथलं तर ऐकूनच धडकी भरते.

हडसनपार

अमेरिकेत एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांसाठी देशाचा एकच नियम नाही, विद्यापीठ ठरवेल ते. बहुतेक विद्यापीठं स्वतःचा प्लॅन आपोआप फीमध्ये लावतात. दुसरा विमा असेल तर 'वेव्हर', म्हणजे विद्यापीठाच्या प्लॅनमधून सूट, मागायचा, ठरलेल्या तारखेच्या आत आणि त्यांच्या अटींत बसणारा. अटी कडक असतात आणि भारतातून घेतलेल्या स्वस्त पॉलिसी बऱ्याचदा त्यात बसत नाहीत. काही विद्यापीठं आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना वेव्हर देतच नाहीत. आधी विद्यापीठाचं पान वाचा, मग पॉलिसी विकत घ्या.

जे-१ म्हणजे एक्स्चेंज व्हिसावाल्यांना मात्र सरकारी नियम आहेत: दर आजारामागे किमान १ लाख डॉलरचं संरक्षण, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवायला ५०,००० आणि मृतदेह मायदेशी पाठवायला २५,००० डॉलर, डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, ५०० च्या वर नाही.

मुलांना एक पक्कं सांगून ठेवा. साध्या तापाला इमर्जन्सी रूममध्ये जायचं नाही. आधी कॅम्पसवरचं आरोग्यकेंद्र, ते बंद असेल तर विम्याच्या नेटवर्कमधलं अर्जंट केअर. पण छातीत दुखलं, श्वास लागला तर पैशाचा विचार न करता ९११.

मंजिरी_नाशिक

काल कन्सल्टंटकडे जाऊन आलो. फाइलमधला कागद काढायला लावला आणि खरंच, शेवटच्या पानावर सूट मागण्याच्या अर्जाचा जर्मनमधला फॉर्म होता, लेकीचं नाव-गाव भरलेला, फक्त सही राहिली होती. तो तिथेच रद्द करून घेतला. प्रवासी विमा ऑगस्टच्या उड्डाणाच्या तारखेपासून घेतलाय, पब्लिकचा अर्ज लेकीने रात्री स्वतः बसून भरला.

शेवटचा प्रश्न. आमच्या फॅमिली फ्लोटरमध्ये (सगळ्या कुटुंबाच्या एकत्रित आरोग्यविम्यात) तिचं नाव आहे, अजून दोन वर्षं चालतं. ती जाणार म्हणून ते काढून टाकू का? एजंट म्हणतो हप्ता थोडा कमी होईल.

शतावरी

मंजिरीताई, नका काढू. फ्लोटरचा जर्मनीत उपयोग नाही हे खरं, तो भारतातल्या उपचारांपुरता. पण सुट्टीला घरी आली आणि आजारी पडली तर जर्मन पब्लिक विमा भारतात खर्च देत नाही. शिवाय दम्यासाठीचा वेटिंग पीरियड तुमच्या पॉलिसीत आधीच भरून झाला असेल. नाव काढलं आणि परत आल्यावर नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत पुन्हा थांबावं लागू शकतं. फ्लोटरमध्ये मुलांना बहुतेक कंपन्या २५ पर्यंतच ठेवतात. ते वय गाठायच्या आधी तिची स्वतंत्र पॉलिसी त्याच कंपनीत वेगळी करून घ्या, आधीची वर्षं धरली जातील असं लेखी घेऊन. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढा भारही हलका.

राइनकाठी

शतावरीताईंना अनुमोदन. मंजिरीताई, लेकीला सांगायच्या राहिलेल्या गोष्टी: कार्ड यायला काही आठवडे लागतात. मध्येच डॉक्टरकडे जावं लागलं तर कासेला फोन करून बदली दाखला मागायचा, 'एरझात्सबेशायनिगुंग' म्हणतात, तो लगेच पाठवतात. कार्ड असेल तर दर तिमाहीत पहिल्या भेटीला डॉक्टरच्या काउंटरवर यंत्रात घालावं लागतं, त्यानंतर इनहेलरचं प्रिस्क्रिप्शन कार्डावरच येतं आणि औषधाच्या दुकानात तेच कार्ड दाखवायचं. औषधामागे पाच ते दहा युरो खिशातून जातात, इस्पितळात राहावं लागलं तर दिवसाला दहा, वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवसांचे. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा पण जिवावरचं नाही तर ११६११७, श्वास अडकला तर सरळ ११२.

नोंदणी झाल्यावर विद्यापीठाकडून एम-१० मिळाल्याचं कळलं नाही तर दोन-तीन दिवसांत कासेला ईमेल करा. विद्यापीठाचं नाव चुकीचं निवडलं गेलं असेल तर निरोप भलतीकडे जातो. काही अडलं तर इथेच लिहा, सप्टेंबरभर मी रोज धागा बघतो.